लाडली बहनाचे पैसे वाढवायचे की पोरांच्या कामाचं बघायचं? इंदूरकरांनो, बोला

रामबागकर

मंडळी, लाडली बहना म्हणजे आपल्या मध्य प्रदेश सरकारची लग्न झालेल्या बायकांना दर महिन्याला पैसे द्यायची योजना, तिचे नोव्हेंबर २०२५ मध्ये १२५० चे १५०० झाले तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. २०२३ च्या इलेक्शनचं भाजपचं संकल्प पत्र परवा पुन्हा काढून वाचलं, काँग्रेसचं वचन पत्र पण वाचलं, आणि खरंच वाईट वाटलं. दोघांचा जोर एकाच गोष्टीवर. भाजप म्हणतं लाडली बहना चालू, बहिणींना सिलेंडर ४५० ला, गहू क्विंटलला २७०० नी घेऊ, धान ३१०० नी. काँग्रेस म्हणतं बायकांना महिन्याला १५००, सिलेंडर ५०० ला, १०० युनिट वीज माफ, दोन लाखांपर्यंत कर्जमाफी, गहू २६०० नी. म्हणजे मंडीत बोली लागते तशी बोली. आणि रोजगारावर? भाजपच्या पत्रात आहे की प्रत्येक कुटुंबात निदान एक रोजगार किंवा स्वरोजगार. त्यातलं 'किंवा स्वरोजगार' नीट वाचा, पोराने कर्ज काढून हातगाडी लावली तरी ते वचन पुरं झालं असं धरता येतं.

आता हिशेब बघा. सव्वा कोटी बहिणी धरा, १५०० प्रमाणे वर्षाचे २२,५०० कोटी झाले. २०२८ पर्यंत ३००० करू म्हणतायत, मग ४५,००० कोटी. २०२५-२६ चं राज्याचं आख्खं बजेट ४.२१ लाख कोटींचं, त्यात या एका योजनेला १८,६६९ कोटी होते. आणि राज्यावरचं कर्ज चार लाख कोटींच्या वर गेलंय. हे कोण फेडणार, आपलीच पोरं ना?

मी हे का लिहितोय ते सांगतो. माझे बाबा इथल्याच एका कापड मिलमध्ये साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. सकाळचा भोंगा झाला की आई घड्याळ न बघता स्टोव्ह पेटवायची. मिल बंद पडली तेव्हा मी बी.कॉम.ला होतो, आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिने बाबा रोज डबा घेऊन गेटपर्यंत जायचे, कुलूप लावलेल्या गेटसमोर बसून डबा खायचे आणि परत यायचे. आईला सगळं माहीत होतं तरी ती रोज डबा भरून द्यायची, एक शब्द बोलायची नाही. त्या माणसाला कुणी महिन्याला पैसे दिले असते तर त्याने घेतले असते, घरात चार तोंडं होती, पण डबा घेऊन तो गेटवर गेलाच असता. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने आधी कामाचं बघावं, पैसे वाटणं नंतर.

तोपखान्याची सून

काका, तुमच्या बाबांचं वाचून भरून आलं, पण तुमच्या म्हणण्याशी मी अजिबात सहमत नाही आणि स्पष्टच लिहिते.

आमच्याकडे भांड्याला मावशी येतात, बारा-तेरा वर्षं झाली. १० जून २०२३ ला पहिला हप्ता आला, १००० रुपये. त्या बँकेच्या कियोस्कवर गेल्या, अंगठा लावला, पैसे आलेत एवढं बघितलं आणि न काढताच परत आल्या. तीन महिने तसेच ठेवले. मला वाटलं पोराला देतील, नवरा मागेल. तर चौथ्या महिन्यात आल्या त्या चष्मा लावून. मी विचारलं तर म्हणाल्या कितीतरी वर्षं मी तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होते, खडा दिसायचाच नाही. आमच्या घरातला तांदूळ पण त्याच निवडत होत्या हो, आणि मला कधी कळलं नाही की त्यांना दिसत नाही. मला स्वतःची लाज वाटली.

तुम्ही ज्याला काम म्हणता त्यात बायका होत्या कुठे? आणि मिलचंच म्हणाल तर हुकुमचंद मिल १९९१-९२ ला बंद झाली, कामगारांच्या हक्काच्या देण्याचे २२४ कोटी मिळाले २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं! किती जण वाट बघत बघत गेले, पैसे घ्यायला त्यांच्या विधवा गेल्या. मावशींचे मात्र महिन्याच्या महिन्याला खात्यात येतात. भाजपला २३० पैकी १६३ जागा उगाच नाही मिळाल्या, बायकांनी समजून मत दिलंय, आणि महाराष्ट्राने २०२४ मध्ये लाडकी बहीण काढली ती हेच बघून काढली.

रामबागकर

ताई, बायका मिलमध्ये होत्या. रीलिंगला, वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला होत्या, बाबा सांगायचे. मशिनं बदलली तसं आधी त्यांनाच काढलं. म्हणून तर म्हणतोय, बायकांचं काम गेलं त्याबद्दल कुणी बोलतच नाही.

चष्म्याचं मनाला लागलं.

सुपरकॉरिडॉर

काका, फक्त पैसे वाटले असं म्हणणं चूक आहे. त्याच संकल्प पत्रात सहा एक्सप्रेस-वे होते, विंध्य, नर्मदा प्रगती पथ, अटल प्रगती पथ वगैरे, आयआयटीसारख्या संस्था होत्या, प्रत्येक संभागात (विभागात) एम्ससारखं हॉस्पिटल होतं. फेब्रुवारी २०२५ ला भोपाळला ग्लोबल इन्व्हेस्टर्स समिट झाली, २६ लाख कोटींच्या वर प्रस्ताव आले. मेट्रो सुरू झाली. मी स्वतः आयटीत आहे, दहा वर्षांपूर्वी आमच्या बॅचचे सगळे पुण्याला नाहीतर बेंगलोरला पळाले, आता टीसीएस, इन्फोसिस दोन्ही इथे इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला आहेत आणि मी रात्री आईच्या हातचं जेवतो. इंडस्ट्री एका टर्ममध्ये उभी राहत नाही.

आणि बायकांच्या हातात पैसा आला की तो मालवा मिलच्या बाजारात, सीतलामाता बाजारातच खर्च होतो ना, तो काय परदेशात जातो? दुकानदाराला विचारा. ती पण इकॉनॉमीच आहे.

रामबागकर

प्रस्ताव म्हणजे कारखाना नव्हे रे बाळा. प्रस्तावातले किती उभे राहिले आणि त्यात किती जण कामाला लागले हे दर वर्षी विधानसभेत मांडा, मी पहिला टाळ्या वाजवीन. आणि मेट्रो २०२५ च्या ३१ मे ला सुरू झाली ती गांधी नगरकडून सुपर कॉरिडॉरच्या तीन नंबर स्टेशनपर्यंत, सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. पुढे राजवाड्यापर्यंत आली की बोलू, त्याआधी आमच्यासारख्यांना तिचा काय उपयोग.

तू घरी जेवतोस याचा मात्र मनापासून आनंद आहे.

सुदामा नगर, निवृत्त बँकवाला

कर्जाबद्दल थोडं लिहितो, कारण नोकरी त्यातच गेली आणि 'चार लाख कोटी' म्हटलं की लोक घाबरतात. राज्य सरकार रोखे विकून कर्ज घेतं, रिझर्व्ह बँक त्याचा लिलाव करते, साधारण मंगळवारी. मर्यादा पण असते, वर्षाला राज्याच्या सकल उत्पादनाच्या (जीएसडीपी) तीन टक्के आणि वर थोडी सवलत. तेव्हा राज्य उद्या बुडेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. प्रश्न कर्ज कशाला घेतलं हा आहे.

आपल्या घरचंच उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२३ ला इंदूर नगर निगमने ग्रीन बाँड काढला, २४४ कोटींचा, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट करायला. आपल्याला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणावं लागतं, सत्तर किलोमीटरवरून आणि तेही चढावर, त्याला विजेचं बिल किती येत असेल विचार करा. प्लांट चालला की ते बिल कमी होणार, म्हणजे ज्याच्यासाठी कर्ज काढलं तेच कर्ज फेडणार. याला मी चांगलं कर्ज म्हणतो. दर महिन्याला वाटायचा पैसा हा पगार, पेन्शन, व्याज यांच्या रांगेत जाऊन बसतो, तो कमी करायची हिंमत कुठल्याच पक्षाला होत नाही आणि एखाद्या वर्षी कर कमी जमला की पहिली कात्री लागते ती शाळेच्या इमारतीला, कालव्याला, भरतीला. ३००० च्या वचनाची मला भीती वाटते ती यासाठी. १५०० झेपतील. ३००० झेपवायचे तर कुणाचं कमी करणार ते त्याच पत्रात लिहा, आणि हे मी काँग्रेसला पण म्हणतो, जुन्या पेन्शनचं वचन त्यांनी दिलं होतं, ते कसं भागवणार याचा हिशेब मला कुठे सापडला नाही, आणि मी पेन्शनर असून हे म्हणतोय.

देपालपूरकर

सगळे शहरातलं बोलताय, आमचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आजोबांपासून देपालपूरकडे जमीन आहे, आता सात बिघे उरली.

गव्हाचं २७०० चं वचन दिलं २०२३ ला. २०२४ ला मिळाले २४००, म्हणजे २२७५ हमीभाव आणि १२५ बोनस. २०२५ ला २६००, २४२५ आणि १७५. वाढले हे खरं आहे, पण वाढ बरीचशी केंद्राच्या हमीभावाची, २७०० अजून झाले नाहीत. आता सोयाबीन. २०२४ ला हमीभाव ४८९२ होता, आणि मी २० क्विंटल ३९०० नी घातलं, कारण सरकारी खरेदी सुरू झाली ऑक्टोबरच्या शेवटी आणि आम्हाला रब्बीचं बियाणं-खत त्याआधी लागतं, थांबणार कसा. क्विंटलमागे जवळजवळ हजार गेले, म्हणजे २०,०००. त्याच वर्षी बायकोच्या खात्यात लाडली बहनाचे आले १५,०००. एकाच घरात एका दाराने पंधरा आले आणि दुसऱ्या दाराने वीस गेले. बायकोला मी हे समजावलं तर ती म्हणाली वीस तर तुमच्या हातातून गेले, माझे पंधरा माझ्याकडे आहेत. तिच्याजवळ याला उत्तर होतं, माझ्याजवळ नव्हतं.

२०२५ ला भावांतर आणलं, हमीभाव ५३२८ आणि मंडीतला भाव कमी असेल तर फरक सरकार देणार. पैसे मिळाले हे नाकारत नाही. पण २०१७ ला पण हेच आणलं होतं आणि आम्ही बघितलंय, फरक सरकार भरणार हे व्यापाऱ्याला कळलं की तो बोली चढवतच नाही. माल घ्या हो आमचा, भावाने. मग बहिणीला वेगळे पैसे द्या नाहीतर नका देऊ.

तोपखान्याची सून

दादा, वहिनी बरोबर बोलल्या. वीस मिळाले असते तरी त्यातले त्यांच्या हातात किती आले असते?

देपालपूरकर

खोटं नाही बोलणार. आले नसते. ट्रॅक्टरवाल्याचे देणं होतं.

भंवरकुव्यात राहते

मी बुऱ्हाणपूरची, तीन वर्षं झाली इथे रूम घेऊन पीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतेय. वय २५. मोठ्यांचं सगळं वाचलं, पण यात मी कुठेच नाहीये म्हणून लिहिते. माझं लग्न झालेलं नाही म्हणून मी लाडली बहना नाही. माझ्या वहिनीचं लग्न २०२४ ला झालं तर तिला पण मिळत नाही, कारण ऑगस्ट २०२३ नंतर नवीन फॉर्मच घेतलेले नाहीत. साठ झाली की नाव निघतं, एकवीस झाली तर नाव चढत नाही. म्हणजे रक्कम वाढतेय आणि दार बंद आहे. तोपखान्याच्या ताई, तुम्ही म्हणता बायकांना मिळतंय, पण २०२३ ला ज्या यादीत होत्या त्यांनाच मिळतंय.

आणि काका, तुम्ही म्हणता काम द्या. डिसेंबर २०२४ ला आम्ही पीएससीच्या ऑफिससमोर रस्त्यावर बसलो होतो, दिवस-रात्र, थंडीत, गोधड्या घेऊन. ८७-१३ चा फॉर्म्युला तुम्हाला माहीत आहे का? ओबीसी आरक्षणाची केस कोर्टात आहे म्हणून ८७ टक्क्यांचा निकाल लावतात आणि १३ टक्के अडकवून ठेवतात. माझी एक मैत्रीण त्या १३ मध्ये आहे. ती पास आहे का नापास हे तिला कुणी सांगत नाही. तिच्या आईला रोज कुणीतरी विचारतं, मुलगी काय करते. दोन्ही पक्ष ओबीसींचं २७ टक्के आरक्षण आमचंच म्हणतात, पण अडकलेल्या पोरांचा निकाल अमुक तारखेला लावू असं दोघांपैकी कुणी लिहून दिलेलं मी वाचलं नाही.

रामबागकर

बेटा, ८७-१३ ऐकलं होतं पण त्याचा अर्थ आज कळला. तुझ्या मैत्रिणीचं वाचून बाबांचं गेट आठवलं. आत घेत नाहीत आणि घरी जा असंही कुणी सांगत नाही.

तोपखान्याची सून

आज सकाळी मावशींना विचारलंच. म्हटलं, मावशी, तुम्हाला १५०० हवेत का मुलाला पक्की नोकरी? त्यांचा मुलगा पीथमपूरला कारखान्यात जातो, ठेकेदाराकडून, बारा तासांची शिफ्ट. सहा महिन्यांचा गेटपास असतो, संपला की नवीन मिळेल याची खात्री नाही. मावशी हात पुसत म्हणाल्या, त्याच्या पासची तारीख जवळ आली की मला झोप येत नाही, पण माझे १५०० आहेत म्हणून तो महिना निघतो. मग म्हणाल्या, हे लोक माझे काढून त्याला पक्कं करणार आहेत का? नाही ना? मग कशाला विचारता.

काका, मला यावर काही बोलता आलं नाही. नोकऱ्यांचं तुमचं म्हणणं चूक आहे असं मी आता म्हणणार नाही. पण मावशींचे काढून नको.

रामबागकर

काढा असं मी पण म्हणणार नाही ताई, चष्म्यानंतर तर नाहीच. पण ३००० ला माझा विरोध आहे तो आहे. वाढवायचे तेवढे पैसे आधी बुऱ्हाणपूरच्या त्या वहिनीसारख्यांचे फॉर्म घ्यायला वापरा, आणि ज्या कारखान्याला सरकार स्वस्त जमीन, विजेत सूट देतं त्याच्याकडून लिहून घ्या की इतके पक्के कामगार ठेवीन, ठेकेदाराचे नाही. २०२८ ला जो उमेदवार दारात येईल त्याला मी हे दोनच विचारणार.

देपालपूरकर

२०२८ लांब आहे काका. गहू मार्चमध्ये निघेल, २७०० चं तेव्हाच विचारा.