पदवीधरांचा आकडा वाचताना

कॉलेजं जास्त म्हणून पुण्यात पदवीधर प्रौढ जास्त, असं बरेच जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. फर्ग्युसन १८८५ पासून आणि विद्यापीठ १९४९ पासून आहे हे खरं, पण तिथे शिकणारी कितीतरी मुलं लातूर, नांदेड, जळगावकडची. त्यातली बरीचशी पदवी घेऊन पुढे जातात. उलट हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत नोकरीसाठी येणारे पदवी बाहेरूनच घेऊन येतात. त्यांच्यामुळे शहराची टक्केवारी वाढते, पण जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीतल्या चाळिशीच्या बाईला त्याने काहीच मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. उच्च शिक्षणाचं जे नोंदणी प्रमाण, म्हणजे कॉलेजात नाव घातलेल्यांची टक्केवारी, सांगतात, ते १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येवर काढलेलं असतं. प्रौढांपैकी किती जण पदवीपर्यंत पोचले, हा वेगळा प्रश्न, आणि तो जनगणनेतल्या शैक्षणिक पातळीच्या तक्त्यांत वयोगटानुसार बघावा लागतो. तिथे पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या पाहा, ही कळकळीची विनंती.

पंचविशी ओलांडलेल्यांना शिकायचं तर नोकरी, घर सांभाळून जमायला हवं. १९८९ साली नाशिकला सुरू झालेलं मुक्त विद्यापीठ त्यासाठीच आहे. त्याची अभ्यासकेंद्रं वस्त्यांच्या जवळ, संध्याकाळी उघडी असावीत, यावर कुणी बोलेल का?