मदत हवी आहे: एमएला स्पेशलायझेशन कोणतं घेऊ?

नमस्कार मंडळी, मी भांडुपला राहते. मुंबईतच कम्युनिकेशनमध्ये एमए करतेय. पुढच्या महिन्यात स्पेशलायझेशन कळवायचंय आणि मन दोन ठिकाणी अडकलंय.

एक म्हणजे वक्तृत्वशास्त्र. ॲरिस्टॉटलने सांगितलेले मन वळवण्याचे तीन मार्ग (बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद) शिकले, तेव्हापासून टिळकांनी 1908 च्या राजद्रोह खटल्यात ज्युरीपुढे केलेलं भाषण पुन्हा पुन्हा वाचतेय. वकील न घेता स्वतःच बाजू मांडली त्यांनी! सहा वर्षांची शिक्षा झाली, तरी त्या मांडणीचा नीट अभ्यास करावा असं फार वाटतं.

दुसरं, आरोग्य संवाद. गेल्या वर्षी आईला टीबी झाला. दवाखान्यात तिच्या हातात छापील पत्रक दिलं, त्यात ‘औषधोपचाराचे अनुपालन’ असं लिहिलेलं. आईने विचारलं, “म्हणजे काय गं?” दोन महिन्यांनी बरं वाटल्यावर ती गोळ्या सोडायलाच निघाली होती. सहा महिने पूर्ण का घ्यायच्या, हे शेवटी शेजारच्या आशाताईंनी ओट्यापाशी उभं राहून समजावलं, तेव्हा पटलं. तो प्रसंग डोक्यातून जात नाही.

यातलं काही शिकलेलं कुणी आहे का इथे? वक्तृत्वशास्त्र घेऊन प्रबंध मात्र आरोग्य पत्रकांच्या मराठीवर करता येईल का? गाईड कोणत्या विभागात शोधू? नोकरीचंही खरं खरं सांगा, घरी कर्ज आहे.