मदत हवी आहे : तळ्याखालच्या किंबरलाइटसाठी ग्रॅव्हिटी की ईएम?

कॅनडात लाक द ग्रा या सरोवराच्या उत्तरेला हिरेशोधाचं, म्हणजे हिरे वर आणणाऱ्या किंबरलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या शोधाचं, प्राथमिक काम चालू आहे. टिलच्या (हिमयुगातल्या बर्फाने वाहून आणून टाकलेल्या दगडमातीच्या) नमुन्यांत जांभळट पायरोप गार्नेट, म्हणजे किंबरलाइटची खूण देणारे खनिजाचे दाणे, मिळालेत. काही दाण्यांवर केलिफाइटची साल (दाण्याभोवतीचा, वाहताना सहज झिजणारा थर) शाबूत आहे, म्हणजे मूळ किंबरलाइट फार लांब नसावा. पण इथला बर्फ आधी नैर्ऋत्येला, मग पश्चिमेला, शेवटी वायव्येला सरकलेला. माग काढताना डोकं चक्रावतं. हवाई मॅग्नेटिक सर्व्हे झालाय, त्यात डायबेसचे डाइकच (भेगांत घुसून थिजलेल्या काळ्या खडकाचे पट्टे) ठळक दिसतात. संशय एका छोट्या तळ्यावर आहे. गार्नेटचं विश्लेषण लॅबमध्ये आहे, निकाल यायचाय. रस्ता नाही, हेलिकॉप्टर महाग, बजेट एकाच सर्व्हेचं. तळं गोठलेलं असताना, एप्रिलमध्ये, ग्रॅव्हिटी (खडकांच्या घनतेनुसार गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक मोजणं) करावी की ईएम (विद्युतचुंबकीय सर्व्हे, म्हणजे जमिनीची विद्युतवाहकता मोजणं)? आणि ईएममध्ये तळाचा चिकण गाळ किंबरलाइटपासून वेगळा कसा ओळखता?