"तुम्हाला कसा बॉस आवडतो?" मुलाखतीत खरं सांगावं का?

व्हर्नियर

मागच्या आठवड्यात चाकणला एका कंपनीत सीनिअर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत दिली. टेक्निकल राउंड मस्त झाला. पीपीएम (दहा लाखांत किती सदोष नग), ८डी (तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत), कॅलिब्रेशन (मापाच्या उपकरणांची तपासणी), कुठेच अडले नाही. शेवटी प्लांट हेडनी विचारलं, "तुम्हाला कुठल्या पद्धतीच्या मॅनेजमेंटखाली काम करायला आवडतं?"

मी म्हटलं, "सकाळी काम ठरवून द्या, मग दिवसभर माझं मला करू द्या. अडलं तर मीच येईन. आणि माझी चूक झाली तर केबिनमध्ये बोलावून सांगा, प्रॉडक्शन लाइनवर नको."

शेजारी बसलेल्या साहेबांच्या हाताखाली मला काम करायचं होतं. त्यांनी माझा बायोडेटा उलटा करून टेबलावर ठेवला. त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. "कळवतो" म्हणाले, अजून कळवलेलं नाही.

घरचे आणि मैत्रिणी सगळे एकच म्हणतात: "मी कुठल्याही पद्धतीशी जुळवून घेते, एवढं बोलून मोकळं व्हायचं होतंस." मला हे पटत नाही, कारण आधीची नोकरी मी नेमकं हेच वाक्य बोलून मिळवली होती. तिथे साहेबांचा दर अर्ध्या तासाला फोन यायचा. एकदा पार्टचं भोक (बोअर) मापापेक्षा मोठं आलं म्हणून मी एक लॉट होल्डवर टाकला, म्हणजे माल थांबवला, स्वतःच्या हाताने लाल टॅग लावले. रात्रीच्या शिफ्टला साहेबांनी टॅग काढायला लावून माल डिस्पॅच केला. कस्टमरची कम्प्लेंट आली तेव्हा सकाळच्या मीटिंगमध्ये चाळीस माणसांसमोर जाब मात्र मला विचारला. अकरा महिन्यांत राजीनामा दिला आणि त्यापुढे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड काढला. ते नव्वद दिवस मी विसरणार नाही.

म्हणून माझं मत: खरं सांगावं. तुम्हाला काय वाटतं?

शिफ्ट_बी

ताई, तुमच्यावर जे गुदरलं ते वाईटच. पण मत अजिबात पटलं नाही. खरं बोलणं त्याला परवडतं ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे. मी चौदा महिने घरी बसून होतो. दर महिन्याच्या पाच तारखेला घराचा हप्ता जायचा. तेव्हा मला कोणी "कसा बॉस हवा" विचारलं असतं तर "पगार वेळेवर देणारा" हेच मनात आलं असतं. मुलाखतीला आपण ऑफर लेटर आणायला जातो. ते हातात आलं की मग नोकरी घ्यायची की नाही ते ठरवा.

दुसरं म्हणजे "लाइनवर नको" ही मॅनेजमेंटची पद्धत झाली नाही, ती तक्रार झाली. समोरच्याने ऐकलं काय, तर "या बाईंचं आधीच्या साहेबांशी वाजलंय."

पॅनेलवाली

मी एचआरमध्ये आहे, बारा वर्षं मुलाखतीच्या पॅनेलवर बसते, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. "कुठल्याही पद्धतीशी जुळवून घेते" हे मला दिवसाला सात-आठ वेळा ऐकू येतं. त्यातून काहीच कळत नाही. मी लगेच उदाहरण मागते आणि तिथे बहुतेक जण गडबडतात.

पण शिफ्ट_बी यांचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. नको ते सांगू नका, हवं ते सांगा. ज्यांच्या हाताखाली तुमचं काम सगळ्यात चांगलं झालं, त्या एका साहेबांची आठवण सांगा. ते सोमवारी काय करायचे, तुम्ही अडलात तेव्हा काय म्हणाले, त्यातून कुठलं काम पार पडलं. दीड मिनिट पुरे. त्यातून तुमची आवड आपोआप कळते आणि कुणाची निंदाही होत नाही.

आणि मोकळीक मागण्यात गैर काही नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. हुकूमशाही पद्धतीच्या गटांत पुढारी खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटांत ते चालू राहायचं.

शिफ्ट_बी

मॅडम, ती दहा-अकरा वर्षांची मुलं मुखवटे बनवत होती. त्यांना ना डिस्पॅचचं टार्गेट, ना तिसऱ्या शिफ्टला गैरहजर राहणारा ऑपरेटर. शिवाय तुम्ही एचआरच्या. निवड झाली की तुमचा संबंध जॉइनिंगपुरता. शेवटचा हो-नाही लाइन मॅनेजरचा असतो आणि "मला सारखं विचारू नका" हे वाक्य त्याच्या स्वभावालाच लागतं.

व्हर्नियर

लागलं तर लागू दे. ज्याला ते मुलाखतीतच लागतं, त्याच्या हाताखाली मी तीन वर्षं कशी काढणार?

पहिली_नोकरी

माझा कॅम्पस इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे. आम्ही कुणाच्या हाताखाली कामच केलेलं नाही. आम्ही काय सांगायचं?

पॅनेलवाली

इंटर्नशिप किंवा शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट सांगा. आणि "सुरुवातीला मला जवळून मार्गदर्शन लागेल, काम हाती बसलं की कमी लागेल" हे बेधडक सांगा. त्यात कमीपणा नाही. नवख्याला सूचना जास्त, मुरलेल्याला मोकळीक, हा विचार हर्सी आणि ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ मध्येच मांडलाय.

म्युनिकवासी

इथे जर्मनीत पहिले सहा महिने सहसा प्रोबेशनचे असतात. त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर वेगळं होता येतं. त्यामुळे मुलाखतीत लोक आवडनिवड सरळ बोलतात, चुकलं तर नुकसान थोडं. तिकडे नव्वद दिवस अडकून पडायचं म्हटल्यावर लोक जपूनच बोलणार. मला वाटतं भित्रेपणा हे त्याचं कारण नाही, बाहेर पडण्याची किंमत हे कारण आहे.

व्हर्नियर

मी याच गोष्टीवरून उलट निष्कर्ष काढते. बाहेर पडणं एवढं महाग असेल तर आत शिरतानाच नीट पारखून घेतलं पाहिजे.

प्रेसशॉप

सत्तावीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढली, त्यातली पंधरा सुपरवायझर म्हणून. एक सांगतो, राग मानू नका. मी लाइनवर ओरडलोय. प्रेसशॉपच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू जात नाही, आणि ऑपरेटरचा हात डायखाली (प्रेसच्या साच्याखाली) दिसला तर केबिनमध्ये बोलवायला वेळ नसतो. एका पोराची तीन बोटं गेली असती, ते माझ्या ओरडण्याने टळलं. त्यामुळे "लाइनवर नको" हे सरसकट बोललं की आमच्यासारख्याला खटकतं. "सगळ्यांसमोर अपमान नको" म्हणालात तर मी लगेच मान डोलावीन.

पण बाई, तुमच्या गोष्टीत खरा घाव ओरडण्याचा नाही, लाल टॅगचा आहे. तुम्ही होल्ड लावला आणि तो तुम्हाला न विचारता निघाला. मग तेच विचारा ना! "क्वालिटीने लावलेला होल्ड तुमच्याकडे कोणाच्या सहीने निघतो?" चांगला प्लांट हेड लगेच उत्तर देईल, पद सांगेल, फॉर्म कुठला ते सांगेल. जो म्हणेल "ते परिस्थितीवर असतं", तिथली मॅनेजमेंट कशी आहे ते तुम्हाला कळलं. आणि हा प्रश्न कामाचा आहे, कोणाच्या अंगाला लागणार नाही.

व्हर्नियर

काका, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. इतके दिवस मला वाटत होतं की मला त्या चाळीस माणसांसमोर बोलल्याचं वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, टॅगचंच जास्त लागलं होतं. आणि ओरडण्याबद्दलचं माझं वाक्य मी बदलते.

गुरुवारी रांजणगावला मुलाखत आहे. पहिल्या नोकरीतल्या मॅडमचं उदाहरण तयार केलंय. त्या रोज आठ वाजता फर्स्ट पीस, म्हणजे दिवसाचा पहिला नग, स्वतः बघायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्या सहीवर विश्वास ठेवायच्या. ते सांगेन आणि होल्डचा प्रश्न विचारेन.

शिफ्ट_बी

मॅडमचं उदाहरण झकास आहे, ते नक्की सांगा. होल्डचं मात्र ऑफर हातात आल्यावर विचारा, एवढं माझं ऐका. गुरुवारी काय झालं ते कळवा.

व्हर्नियर

कळवते दादा. पण विचारणार गुरुवारीच.