प्री-आयपीओ शेअर घ्यावा का? इंटरनेट कंपन्या चढतात कशा, कोसळतात कशा?

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. जळगाव, भुसावळ, चोपडा पट्ट्यात सध्या इंटरनेट कंपन्यांचे अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर 'प्री-आयपीओ', म्हणजे आयपीओच्या (पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या) आधीचे, म्हणून विकले जात आहेत. केळीचा, कापसाचा पैसा हातात आलेल्यांना एजंट सांगतात, "मूल्यांकन ३,००० कोटी आहे, आयपीओत दुप्पट होईल. अमळनेरवाल्यांनी विप्रो धरून ठेवला, तसा धरा." मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हजारो कोटींची कंपनी दोन वर्षांत मातीमोल कशी होते? मोठमोठे गुंतवणूक फंड आत असताना छोट्याचाच पैसा आधी का जातो? आणि पैसे देण्याआधी कोणते कागद बघायचे?

ताळेबंद (धुळे)
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण फसगत तिथेच होते.

३,००० कोटी मूल्यांकन म्हणजे कंपनीत ३,००० कोटी आहेत असं नाही. एखाद्या फंडाने ६०० कोटी देऊन २० टक्के हिस्सा घेतला, की पाचाने गुणून हा आकडा निघतो. पण फंडाने घेतलेला शेअर आणि एजंट विकतो तो शेअर एकच नसतो. फंडाकडे सीसीपीएस असतात, म्हणजे सक्तीने इक्विटीत (साध्या शेअरमध्ये) बदलणारे प्रेफरन्स (अग्रहक्काचे) शेअर. त्यांना 'लिक्विडेशन प्रेफरन्स' जोडलेला असतो: कंपनी विकली गेली तर आधी त्यांचे ६०० कोटी परत, उरलं तर बाकीच्यांना.

हिशेब करून बघा. वर्षभराने कंपनी ७०० कोटींना विकली गेली. कर्ज १५० कोटी, ते आधी फिटणार. राहिले ५५०. ते सगळे फंडाला, त्यातही त्याला ५० कोटींची खोट. साध्या इक्विटीवाल्याच्या हाती शून्य. वर्तमानपत्रात मात्र "७०० कोटींना विक्री" असंच छापून येणार.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर वाट्याचा क्रम दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये दिलेला आहे. प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेले सावकार, असं करत करत इक्विटी भागधारक सगळ्यात शेवटी.

भुसावळ जंक्शन
ताळेबंद भाऊंनी वाटणी सांगितली, मी पहिला प्रश्न घेतो. कंपनी तोट्यामुळे लगेच मरत नाही. खात्यातली रोकड संपते आणि पुढचा गुंतवणूकदार मिळत नाही, तेव्हा मरते.

अमेरिकेतल्या पेट्स डॉट कॉमची फेब्रुवारी ते सप्टेंबर १९९९ मधली विक्री होती ६ लाख १९ हजार डॉलर आणि जाहिरातखर्च १ कोटी १८ लाख डॉलर. कुत्र्याच्या खाण्याच्या जड गोण्या खरेदीपेक्षा कमी भावात विकून वर घरपोच. अशा धंद्यात विक्री वाढली की तोटाही वाढतो. फेब्रुवारी २००० मध्ये ११ डॉलरने आयपीओ आला, नोव्हेंबरमध्ये कंपनी बंद. १० मार्च २००० ला नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर निर्देशांक ५,०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला. मधल्या काळात नवा पैसा आटला आणि ज्यांच्या खात्यात साठा नव्हता त्या कंपन्या गेल्या.

वेबव्हॅन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं दुखणं वेगळं. घरपोच किराणा विकायचा होता. एका शहरात गणित बसायच्या आधीच देशभर गोदामं उभारायला १०० कोटी डॉलरचा करार केला. गोदाम अर्धं रिकामं असलं तरी त्याचा खर्च पूर्णच असतो. जुलै २००१ मध्ये दिवाळखोरी.

अ‍ॅमेझॉनचा भावही तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त पडला, पण कंपनी तरली. कारण फेब्रुवारी २००० मध्येच, बाजार फुटायच्या तोंडावर, तिने युरोपात ६९ कोटी युरोचे रोखे विकून ठेवले होते. शिवाय ग्राहकाचा पैसा आधी येई, पुरवठादाराला नंतर द्यावा लागे. तरीही १९९९ चा भाव परत दिसायला २००९ उजाडलं. चांगली कंपनीसुद्धा चढ्या भावात घेतली तर दहा वर्षं अडकवते.

आपल्याकडचं उदाहरण ऑनलाइन औषधविक्रीच्या फार्मइझीचं. मूळ कंपनी एपीआय होल्डिंग्जने २०२१ मध्ये थायरोकेअर या वैद्यकीय तपासणीच्या कंपनीचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटींना घेतला, तेही कर्जाच्या आधाराने. आयपीओतून पैसा येईल हा भरवसा होता. बाजार फिरला, ऑगस्ट २०२२ मध्ये आयपीओचे कागद मागे घेतले, कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. २०२३ मध्ये राइट्स इश्यू (आधीच्याच भागधारकांना नव्या शेअरची विक्री) काढावा लागला, आधीच्या फेरीत ५० रुपयांचा शेअर ५ रुपयांना. ज्यांनी त्यात पैसे घातले नाहीत त्यांचा हिस्सा पातळ झाला. हा शेअरही अनलिस्टेड बाजारात विकला जात होता.

तापीकाठ (जळगाव)
धन्यवाद. आणि विप्रोच्या दाखल्याचं काय? एजंटचं हुकमी पान तेच आहे.

बोरीकाठ (अमळनेर)
तो दाखला इथे लागू पडत नाही भो. १९४५ मध्ये अमळनेरला सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी होती. माल विकून पैसा मिळवणारी. संगणकाकडे ती १९८० च्या सुमारास वळली. अमळनेरच्या घरांत वाढलेले शेअर दशकानुदशकांच्या बोनसचे (कंपनीने फुकट दिलेल्या जादा शेअरचे) आहेत. जुन्या लोकांनी स्वस्तात घेतले आणि लाभांश खात बसले. ज्यांनी तोच शेअर फेब्रुवारी २००० मध्ये नऊ हजारांच्या वर घेतला, त्यांचे पुढच्या दीड वर्षात हाल झाले. कंपनी तीच, गाव तेच, फरक भावाचा.

ताळेबंद (धुळे)
आता कागद. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावर १०० रुपये भरले की एका कंपनीची दाखल कागदपत्रं ठराविक वेळ बघता येतात. मी या क्रमाने बघतो.

आधी सीआयएन, कंपनीचा २१ अक्षरांचा नोंदणी क्रमांक. त्यात पीटीसी असेल तर प्रायव्हेट कंपनी: शेअर नावावर व्हायला संचालक मंडळाची मान्यता लागते, ती नाकारलीही जाऊ शकते. पीएलसी असेल तर पब्लिक.

मग चार्जची (कर्जासाठी दिलेल्या तारणांची) यादी, ही फुकट दिसते. गेल्या वर्षभरात नवे सावकार आले असतील तर रोकड ओढली जाते आहे का, ते तपासा.

पीएएस-३ या शेअरवाटपाच्या फॉर्ममध्ये फंडाला शेअर कोणत्या भावाने दिले ते असतं. एजंटचा भाव त्याच्याशी ताडून बघा. फंडाने हक्कांसह ४०० ला घेतलेला शेअर तुम्हाला हक्कांशिवाय ६५० ला मिळत असेल तर विषय संपला. 'लिक्विडेशन प्रेफरन्स' आणि 'अँटी-डायल्यूशन' (पुढे स्वस्तात शेअर निघाले तर फंडाचा हिस्सा राखणारी अट) हे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, शोधा.

एओसी-४ या वार्षिक हिशेबाच्या फॉर्मसोबत ताळेबंद येतो. नफा-तोट्यावर थांबू नका, कॅश फ्लो बघा. कामकाजातून वर्षाला २४० कोटी बाहेर जात असतील आणि रोकड व ठेवी मिळून १८० कोटी असतील, तर हातात ९ महिने आहेत. ऑडिटरच्या अहवालात 'गोइंग कन्सर्न'बद्दल (धंदा पुढे चालू राहील याबद्दल) शंका आहे का तेही वाचा. मार्चअखेरचे हिशेब साधारण ऑक्टोबरअखेर दाखल व्हायला हवेत. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूजचे २०२०-२१ चे हिशेब सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, तोटा ४,५८८ कोटी. जून २०२३ मध्ये ऑडिटर डेलॉइटने राजीनामा दिला, जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. उशीर हीच पहिली घंटा होती.

गिरणाथडी (चाळीसगाव)
एक दुरुस्ती सुचवतो. आयपीओ खरोखर आला तर त्याआधी सीसीपीएस इक्विटीत बदलतात आणि ताळेबंदभाऊ म्हणतात तो अग्रहक्क संपतो. म्हणजे तो धोका आयपीओ न येण्याचा आहे.

आयपीओ आला तरी तुमचे आधीचे शेअर आयपीओतल्या वाटपापासून ६ महिने विकता येत नाहीत. झोमॅटोच्या वेळी मुदत वर्षाची होती. ती जुलै २०२२ मध्ये संपली आणि ७६ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी ११ टक्क्यांच्या आसपास पडून पन्नासाच्या खाली गेला. पुढे तो सावरला, पण प्री-आयपीओवाल्याला मुदतीत बाहेर पडता येत नाही हे लक्षात घ्या.

आयपीओच्या अर्जात किरकोळ गुंतवणूकदारांचा कोटा बघा. ३५ ऐवजी १० टक्के असेल तर सहसा कंपनी सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) नफ्याच्या अटीत बसलेली नाही. 'ऑफर फॉर सेल' (जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकणं) किती तेही बघा: पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी जुन्या भागधारकांच्या खिशात गेले. २,१५० चा शेअर पहिल्या दिवशी २७ टक्के पडला.

आणि तरीही घ्यायचाच असेल तर एजंटच्या बचत खात्यात पैसे टाकू नका. शेअरचा आयएसआयएन (ओळख) क्रमांक घ्या, विक्रेत्याच्या डीमॅट खात्यात तो आहे याचं होल्डिंग स्टेटमेंट मागा, दर आणि संख्या लिहिलेली करारचिठ्ठी घ्या आणि पैसे फक्त तुमच्या बँक खात्यातून विक्रेत्याच्या नावाच्या खात्यात पाठवा.