थॅको आठवतोय का? सेकंड एडिशनचे बरे-वाईट अनुभव

वाकडा फासा

परवा भाचा आला होता सुट्टीला, बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळून त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळाचं, वेड लागलंय, म्हणून मी मोठ्या कौतुकाने कपाटातून माझं १९८९ चं प्लेअर्स हँडबुक काढून दिलं. एडी अँड डी, म्हणजे ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स, सेकंड एडिशन, कडा पार कुरतडल्यात. त्याने दहा मिनिटं चाळलं आणि विचारलं, "मामा, चिलखत घातल्यावर एसी कमी का होतो?" मी समजवायला बसलो. एसी म्हणजे आर्मर क्लास, आपल्याला वार लागणं किती अवघड तो आकडा, आणि इथे तो जितका कमी तितका चांगला. दहापासून सुरुवात, फुल प्लेट घातलं की १, त्याहून भारी म्हणजे उणे, आणि थॅको म्हणजे समोरच्याचा एसी शून्य असेल तर वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवं तो आकडा, त्यातून त्याचा खरा एसी वजा करायचा. "उणे एसी वजा करायचा?" म्हणाला आणि मोबाईल उचलला.

मी तसाच पुस्तक हातात धरून बसलो. आठ वर्षं खेळलोय हे, खेळाच्या जनकांपैकी एक गायगॅक्स तो काढणाऱ्या कंपनीतून गेल्यावर झेब कुकने जुन्या नियमांचं गाठोडं सोडवून नीट घडी घालायचा प्रयत्न केला ती ही एडिशन, आणि मला अजून कळत नाही की ते खरंच भारी होतं की आपण विशीत होतो म्हणून भारी वाटायचं. ज्यांनी खेळलंय त्यांनी लिहा. शिव्या घालायच्या तर घाला, फक्त नुसतं 'जुनं ते सोनं' नको, टेबलावर काय झालं ते सांगा.

मिलवॉकीकर

भारी होतं. आता ऐका का ते.

१९९४ ला एमएस करायला मिलवॉकीला गेलो, रूममेट दोन अमेरिकन, दर शनिवारी टेबलावर बटाट्याचे वेफर्स आणि फासे. मला म्हणाले विझार्ड, म्हणजे मांत्रिक, घे. घेतला. विझार्डचे हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, चार बाजूंच्या फाशावर ठरायचे, माझे आले २. दोन! आणि दिवसाला एक मंत्र. मी स्लीप घेतला, पहिल्याच खोलीत पाच गॉब्लिन आले, मंत्र म्हटला, सगळे घोरायला लागले, मी हीरो, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या खोलीत मोठा उंदीर होता. चावला. मेलो. एकूण आयुष्य पाऊण तास. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, काही न बोलता कोरा कागद पुढे सरकवला.

असे दोन विझार्ड गेले. तिसरा आठ महिने जगला, पाचव्या लेव्हलला पोचला आणि फायरबॉल मिळाला. आता यातली गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेव्हाचा फायरबॉल म्हणजे नुसतं वर्तुळ काढून मोकळं व्हायचं असं नव्हतं, त्या आगीला ठरलेलं आकारमान होतं, साधारण ३३,००० घनफूट, आणि ते तिला कुठेतरी भरायचंच असायचं. मी तो टाकला दहा फुटी बोळात. डीएमने चौकोनी कागद घेतला, पेन्सिलने एकेक चौकोन रंगवत आमच्याकडे यायला लागला. आम्ही चौघं त्या पेन्सिलकडे बघतोय. पंधरावा, सोळावा, सतरावा… आमचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, हळूच म्हणाला, "अजून किती?" अजून बरेच होते.

त्या गावात तेव्हा दर ऑगस्टला जेन कॉन हे खेळांचं संमेलन भरायचं, २००० साली तिथेच तिसरी एडिशन विकत घेतली. एसी वर चढायला लागला, सगळं सरळसोट झालं. खेळलो तीही, पण पेन्सिलकडे बघत श्वास रोखून धरलाय असं नंतर झालं नाही.

हिशोबनीस

मी शिव्या घालायला आलोय.

हल्ला करताना मोठा आकडा चांगला. ताकदीची नाहीतर चपळाईची चाचणी असेल तर छोटा चांगला. चोराच्या कसबांना शंभरातले टक्के, तिथेही छोटा. इनिशिएटिव्हला, म्हणजे आधी कोणाची पाळी ते ठरवायला, दहाचा फासा, छोटा चांगला. विष, मंत्र असल्यातून वाचायच्या सेव्हिंग थ्रोला परत मोठा. आणि सेव्हिंग थ्रो पाच प्रकारचे, त्यात 'कांडी' वेगळी आणि 'मंत्र' वेगळा, म्हणजे कांडीतून मंत्र आला तर काय यावर आमच्यात एकदा चाळीस मिनिटं भांडण झालंय, नियम पुस्तकात होता पण सापडेपर्यंत पिझ्झा गार. दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला अनुभवाचे १,२५० पॉइंट्स, फायटरला २,०००, विझार्डला २,५००. का? तर पहिल्यापासून असंच आहे म्हणून. एल्फ विझार्ड पंधराव्या लेव्हलला थांबणार, माणूस पुढे जाणार, हजार वर्षं जगणारा एल्फ बिचारा बघत बसणार. याला नियम म्हणत नाहीत हो, जुन्या वाड्याच्या वाटणीचे कागद असतात तसं आहे हे, प्रत्येक पिढीने एक पुरवणी जोडलेली आणि मूळ कोणीच वाचलेलं नाही.

मिलवॉकीकर, तुमचा किस्सा झकास आहे, पण तो तुमच्या डीएमचा मोठेपणा. पुस्तकाला श्रेय देऊ नका.

मिलवॉकीकर

अहो पण घनफूट पुस्तकातच होते ना!

चिंधीचोर

एक आधी सांगतो, थॅकोची वजाबाकी कोणी करतच नव्हतं. फाशाचा आकडा + समोरच्याचा एसी, बेरीज थॅकोएवढी झाली की लागला. संपलं. तीस वर्षं लोक उगाच रडतायत.

आता माझं. मी कायम चोर. पहिल्या लेव्हलला कुलूप उघडायची शक्यता चालतील तेवढे पॉइंट्स ओतून ४० टक्के. आणि नियम असा की एकदा जमलं नाही की तेच कुलूप पुढची लेव्हल गाठेपर्यंत परत करायचं नाही. आम्हाला एक पेटी मिळाली, लोखंडी पट्ट्यांची, माझा फासा ७३. फायटर म्हणाला कुऱ्हाडीने फोडतो. मी म्हटलं आतल्या बाटल्या फुटतील, थांब. मग ती पेटी मी पाठीवर बांधून हिंडलो. सहा सेशन! नदी पोहताना पेटी, भिंत चढताना पेटी, ओग्र राक्षसापासून पळताना डीएम दरवेळी गोड आवाजात "पेटीसकट?" पण त्यामुळे झालं काय, सगळ्या ग्रुपला माझ्या लेव्हलची माझ्यापेक्षा जास्त घाई. कॅरेक्टर शीटवर 'पेटी' शब्द इतक्यांदा खोडून परत लिहिलाय की तिथे कागदाला भोक पडलंय. फाईलमध्ये आहे अजून.

कडेकपारी

बायकांपैकी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. न्यू जर्सीत नवऱ्याच्या ऑफिसचा ग्रुप होता, १९९१. त्यांचा डीएम पहिल्या एडिशनवर वाढलेला. मी फायटर करायचं ठरवलं, स्ट्रेंग्थ १८ पडली, मग फायटरला शंभराचा फासा टाकून पुढचे टक्के बघायचे असतात, ते आले ९३. म्हणजे १८/९३, एका घावाला ५ जास्त. टेबलावर एकदम शांतता. डीएम म्हणाला, बाईमाणसाला १८/५० च्या वर जाता येत नाही. मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने पहिल्या एडिशनचं पुस्तक काढून दाखवलं, खरंच होतं!! मी नवऱ्याचं सेकंड एडिशन उघडलं, सगळा तक्ता बोट ठेवून वाचला, कुठेही नाही. ती मर्यादा काढून टाकली होती. मी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं आणि काही बोलले नाही. नवरा वेफर्स खात बसला होता, त्याने एका शब्दाने बाजू घेतली नाही, तो हिशोब वेगळा.

त्यामुळे हिशोबनीस, तुमचं सगळं पटतं, पण मला ते पुस्तक आवडतंच.

सदाशिव पेठी गॉब्लिन

आमचा सेकंड एडिशनशी संबंध फक्त कॉम्प्युटरवरचा. पहिलं बाल्डर्स गेट, १९९८ चं, पाच सीड्या, मित्राच्या असेंबल्ड पीसीवर. नियम कोणी सांगितलेच नव्हते. प्लेट मेल मिळालं, घातलं तर एसीचा आकडा खाली गेला, म्हणून आम्ही ते विकून लेदर घेतलं. पंधरा दिवस दोघं शहाणे लेदरमध्ये लांडग्यांकडून मार खात होतो.

नंतर ग्रुप जमवून झेरॉक्सवर खेळायचा प्रयत्न केला, वीस बाजूंचा फासा मिळेना, तर चहाच्या डब्यात १ ते २० चिठ्ठ्या. (रच्याकने, १९७९ च्या सुमाराला खुद्द अमेरिकेत फाशांचा तुटवडा झाला तेव्हा कंपनीनेही खोक्यात चिठ्ठ्याच दिल्या होत्या, हे नंतर कळलं तेव्हा फार बरं वाटलं.) २० ची चिठ्ठी बोटाला ओळखू यायची, कोपरा दुमडलेला. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं.

तहानलेला

डार्क सन. १९९१ ची सेकंड एडिशनची दुनिया, सगळं वाळवंट, धातू जवळपास नाहीच, तलवारी हाडाच्या नाहीतर ऑब्सिडियनच्या, नाणी मातीची भाजलेली. आणि पाण्याचा हिशोब, माणशी दिवसाला एक गॅलन. ग्रुपमधले बाकीचे वैतागायचे की हे काय वाण्याचं काम. मी मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे उन्हाळ्यात आई घागरी मोजून ठेवायची, कुठली प्यायची, कुठली भांड्यांची, कुठली हात लावायची नाही. टेबलावर पाण्याची वही आपोआप माझ्याकडे आली आणि आमच्यातला एकही तहानेने मेला नाही. नियम चांगले की वाईट मला नाही सांगता येणार. ती वही मात्र जमायची मला.

फाइव्ह ईवाला

मी पंचविशीचा, पुण्यात पाचवी एडिशन चालवतो. २०१३ ला छापलेली सेकंडची प्रत मिळाली म्हणून मध्यंतरी एक रविवार ती चालवली. चौघांपैकी तिघं मेले. एक जण चिडून म्हणाला हा काय खेळ आहे, तासभर कॅरेक्टर बनवलं आणि एका विषाला गेलं. बाकीच्या दोघांनी मेल्या मेल्या नवीन कॅरेक्टर केलं आणि पुढची दोन तास प्रत्येक फरशी काठीने ठोकत चालले. मला कंटाळा आला खरं तर ठोकून ठोकून. पण खंजिराचा स्पीड २ आणि फायरबॉलचा कास्टिंग टाईम (मंत्र म्हणायला लागणारा वेळ) ३, छोटा आकडा आधी, त्यामुळे मंत्र पुरा व्हायच्या आत मांत्रिकाला गाठता येतं, ते भन्नाट आहे, ते मी उचललंय.

वाकडा फासा

भाच्याचा काल मेसेज: "थॅको १८, समोर एसी उणे ४. बावीस येतंय. वीसच्या फाशावर बावीस कसं पाडायचं?" म्हटलं वीस पडला की लागतोच. "मग आधी सांगायचं ना." पुस्तक न विचारता घेऊन गेलाय, हे आत्ता कपाट बघितल्यावर कळलं.

कडेकपारी

ते राहू दे, चिंधीचोर, पेटीत काय निघालं?

चिंधीचोर

मेणबत्त्यांची थोटकं. सहा.