मेटलच्या शब्दांत स्वतःला भेटलात का? अनुभव लिहा

मेटल हा रॉक संगीताचा जोरकस प्रकार म्हणजे नुसता आरडाओरडा असं ज्यांना वाटतं, त्यांनी ब्लॅक सॅबथ या बँडच्या 'पॅरानॉइड'चे शब्द वाचावेत. 1970चं गाणं, लिहिलं बेस गिटार वाजवणाऱ्या गीझर बटलरनं, विषय नैराश्य. स्वतःशीच चाललेलं भांडण मेटलमध्ये पहिल्यापासून आहे. अशा गाण्यानं तुम्हाला कधी सावरलं असेल तर मोकळेपणानं लिहा.

*

माझा बँड मेटालिका. त्यांचं 'फेड टू ब्लॅक' सगळेच सांगतील, माझं गाणं मात्र 'अंटिल इट स्लीप्स'. त्यांचा गायक जेम्स हेटफिल्ड किशोरवयात असताना त्याची आई कॅन्सरनं गेली. घरच्या धर्मश्रद्धेत औषधोपचार बसत नव्हते. बाबा गेल्यावर मला रडूच येईना, नुसता संताप. आतलं दुःख उपटून काढावंसं वाटतं आणि ते हलत नाही, ही अवस्था त्या गाण्यात जशीच्या तशी सापडली. सांत्वनाला आलेले सगळे 'धीर धर' म्हणत होते. हा माणूस तसलं काही म्हणत नव्हता.

पुढे 2023मध्ये त्यांचा '72 सीझन्स' हा अल्बम आला. आयुष्याची पहिली 18 वर्षं, वर्षाचे चार ऋतू, म्हणून 72. त्यातलं शेवटचं गाणं 'इनामोराटा' अकरा मिनिटांचं आहे. आपणच दुःखाच्या प्रेमात पडलोय, पण जगतोय ते त्याच्यासाठी नाही, असं तो त्यात कबूल करतो. ते ऐकलं आणि बाबांच्या खोलीतलं सामान मी आवरायला घेतलं.

*

मी गे आहे, लातूरचा. कॉलेजात जूडास प्रीस्ट या मेटल बँडचे पोस्टर लावणारी मुलं माझ्या चालण्याची नक्कल करायची. त्याच बँडच्या गायकानं, रॉब हॅलफर्डनं, 1998मध्ये टीव्हीवर आपण गे असल्याचं सांगितलं, हे त्यांना ठाऊक नसावं. त्याच्या 1977च्या 'रॉ डील' या गाण्यात गे बारचं वर्णन आहे, म्हणजे तो आधीपासून गाण्यातून सांगतच होता. 2003मध्ये तो बँडमध्ये परतला आणि चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. हे वाचल्यावर मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं रे."

*

दारू सोडलेल्यांनी ड्रीम थिएटर या बँडची, त्यांचा ड्रमर माइक पोर्टनॉयनं लिहिलेली पाच गाणी ऐकाच. 2002 ते 2009, पाच अल्बममध्ये विखुरलेली, विषय व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या. त्यातल्या 'रिपेंटन्स'पाशी मी अजून अडकतो. ज्यांची माफी मागायची ती माणसं डोळ्यांसमोर येतात.

*

मी आई म्हणून लिहितेय. लेक दार लावून लिंकिन पार्क या बँडचं 'क्रॉलिंग' ऐकते. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टननं 2017मध्ये आत्महत्या केली हे कळल्यावर मी घाबरले होते. शेवटी तिच्या शेजारी बसून शब्द वाचले, आणि बऱ्याच महिन्यांनी ती माझ्याशी बोलली. समुपदेशकाकडे जायलाही तयार झाली. आम्हा दोघींना मिळून ऐकता येतील अशी आणखी गाणी सुचवाल का?